लाल दिवा डाव्या अंगाला

माझ्या पोराला, गोकुळला, अक्कल कधी येईल देव जाणे, मिजास मात्र लवकर आली. मुंबईहून मोडीत काढलेल्या जहाजाचे दोन पितळी दिवे उचलून आणले, एक लाल काचेचा, एक हिरव्या. शहराबाहेरच्या नव्या बंगल्याच्या दाराला टांगले. दारातून बाहेर पडताना लाल उजव्या हाताला. का, तर लाल म्हणजे कुंकू, शुभ! आन् समुद्राचं म्हणाल, तर जायकवाडीच्या धरणात नावेत बसवलं तेव्हा हा गडी माझा पदर धरून ओकला होता.

त्याची पोरगी राजनंदिनी जहाजावर अफसर व्हायच्या कॉलेजाची परीक्षा पास झाली. सोमवारी मुंबईच्या कॉलेजात हजर व्हायचं. पण बाप जाऊ देईना. उलट रविवारी कन्नडच्या आप्पासाहेबांना त्यांच्या पोरासाठी तिला बघायला बोलावलं, आन् परीक्षेचं त्यांच्यापासून लपवलं.

पाहुणे दारातच थांबले. गोकुळनं छाती फुगवली. "असली जहाजाचे हायेत, आप्पासाहेब. शोभेला."

"शोभेला नसतात ते, पप्पा." पोरगी पोह्यांचा ट्रे घेऊन आली होती. "लाल जहाजाच्या डाव्या अंगाला, हिरवा उजव्या. अंधारात जहाज दिसत नाही, नुसता दिवा दिसतो. त्याच्या रंगावरनं समोरच्याला कळतं हे कुणीकडं चाललंय. तुम्ही टांगलेत तसे लावले तर टक्कर व्हईल."

आप्पासाहेब खदखदून हसले. "वा! कुठं शिकलीस गं हे?"

पोरगी बापाकडं बघाया लागली. बाप मधीच बोलला, "काय नाय हो, मोबाईलवर बघती कायबाय. रिकामा नाद."

"नाद?" मी म्हणलं.

"माय, तू आत जा बरं."

मला आत जा म्हणतो! मी पोरीच्या हातातला ट्रे काढला आन् ह्याच्या हातात ठेवला.

"आप्पासाहेब," मी म्हणलं, "तुमच्यावर राग नाय. पोरगी जहाजावर अफसर व्हायची परीक्षा पास झालीया. आज रातच्या गाडीनं मी सोता तिला मुंबईला नेणार. शिकून आल्यावर तिला पटलं तर सोयरिकीचं बोलू."

गोकुळ ट्रे धरून उभाच.

"आन् तू रं गोकुळ? पोरीची हुशारी लपवून सोयरीक जुळवायला निघालास. असला भेकड बाप मी आमच्या खानदानात पाह्यला नाय. उभा काय ऱ्हायलास? पोहे दे पाहुण्यांला."