दुसऱ्या हाताची साक्ष

“तोच आकडा त्याच मशीनवर दहादा काढशील, तरी तो नुसता रिपीटेबल. दुसऱ्या हाताने, दुसऱ्या वाटेने तोच आला, की मग रिप्रोड्यूसिबल. सही त्यानंतर करायची, वैजयंता.”

सांगणारे सहादेव सर जाऊन तीन वर्षं झाली. भाईंदर पूर्वेच्या या छोट्या लॅबमध्ये तिला सुई धरायला शिकवली ती त्यांनीच. रोज सकाळी त्रिसरण म्हणून झालं की ती मनात त्यांना हात जोडायची. आज रीटा आंटीचा कागद हाती आला आणि ते बोलणं कानाशी उभं राहिलं. प्लेटलेट्स अडतीस हजार; असायला हव्यात दीड लाखाच्या वर.

असल्याच कमी आकड्यापायी चौक गावच्या रीटा आंटीचं पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन दोनदा पुढे गेलं होतं. आंटी समोरच्या बाकावर पोट दाबून बसली होती. मागच्या रिपोर्टवर सही वैजयंताचीच होती.

“मशीनवर तीनदा लावलंय, मॅडम,” लॅबमधला मदतनीस उदय म्हणाला. “अजून किती रिपीटेबल पायजे? सोडून टाकू ना.”

“थांब. काचेवर थेंब पसर आणि पंचशीलाला दे. आकडा सांगू नकोस.”

पलीकडच्या टेबलावर बसणाऱ्या पंचशीलाने सूक्ष्मदर्शकावरून मान वर केली. “ताई, प्लेटलेट्स तर भरपूर आहेत. पण घोळके करून बसल्यात. मशीनला कशा दिसणार?”

रक्त गोठू नये म्हणून नळीत औषध असतं. एखाद्याच्या प्लेटलेट्स त्या औषधानेच एकमेकींना चिकटतात. वैजयंताने वेगळ्या औषधाची, निळ्या बुचाची नळी काढली.

“परत टोचतेस? अंगात रगत ठेवनार हायस का न्हाय?”

“एकदाच, आंटी.”

“मागच्या टायमाला पन हेच बोललीस.”

नव्या नळीवर मशीनने आकडा दिला: दोन लाख दहा हजार. पंचशीलाने काचेवर मोजल्या, त्याही जवळपास तेवढ्याच भरल्या.

“आंटी, तुमच्या प्लेटलेट्स चांगल्या आहेत. मागचा रिपोर्ट चुकला, तो माझ्या हातून.”

आंटीने गळ्यातला क्रूस ओठांना लावला. “देवाची मेहेरबानी. पन डॉक्टरला सांगनार कोन? माझं कोन ऐकतंय?”

“मी सांगते. आजच.”

वैजयंताने ॲप्रन खुंटीला अडकवला, चुकलेला आणि बरोबर असे दोन्ही रिपोर्ट एका पाकिटात घातले. “उदय, जेवायची सुट्टी आत्ताच घेते रे.”

बाहेर ऊन तापलं होतं. आंटीच्या कोपराला हात देऊन, तिच्याच चालीने, ती हॉस्पिटलच्या रस्त्याला लागली.