पेला कोमट लागला

आमच्या रंगाच्या कारखान्यात बॉयलर पेटतो तो कचऱ्यावर. रसायनं बनवून उरलेला काळा, चिकट द्रव पूर्वी टाकून द्यायचो, आता तोच आमचं सरपण. हल्ली तर देशोदेशीच्या कारखान्यांची पिंपं येतात. वरची अक्षरं कोणाच्या बापाला वाचता येत नाहीत, कवटीचं चित्र तेवढं सगळ्यांना कळतं.

बॉयलर माझा, त्या द्रवाची टाकी दाजींची. दाजी कामाला वाघ, पण घाई अशी की उकळायच्या आधीच चहा गाळतील. ताई रोज मला बजावते, "ह्यांना सांभाळ रे."

नवं पिंप टाकीत सोडण्याआधी आमची एक रीत असे. स्टीलच्या पेल्यात टाकीतला थोडा द्रव घ्यायचा, त्यात पिंपातला थोडा मिसळायचा आणि चहा पिऊन होईतो थांबायचं. मग पेल्याला उलटा हात लावायचा. गार असला तर सोडा. तापला तर दोघांचं जमत नाही, टाकीत गेलं की स्फोटच.

पेला ठेवायचा सावलीत. पण खिडकीची कड हाताशी पडते, म्हणून दाजी तिथंच ठेवत. दुपारी तिथं ऊन येतं. पेला रोज कोमट लागे आणि रोज आम्ही म्हणायचो, "ऊन लागलंय."

त्या दुपारीही दाजी तेच म्हणाले आणि मी मान डोलावली. ते टाकीवर चढले, पंप सुरू झाला. मी पेला धुवायला उचलला तर चटका बसला. खिडकीबाहेर पाहिलं. आभाळ गच्च भरलेलं. सकाळपासून उन्हाचा पत्ताच नव्हता.

मी टाकीकडे धावलो. "दाजी, पंप बंद करा! खाली या!"

"ओरडतोस काय? अर्धं पिंप गेलंय, संपवूनच येतो."

"ऊन नाहीये! आज ऊनच नाहीये!"

दाजींनी झटकन बटण दाबलं. पंप थांबला, पण टाकीच्या पोटातली गुरगुर थांबेना. मी बॉयलर विझवला, टाकीवर पाण्याचा फवारा सोडला. भोंग्याचं बटण दाबलं.

"वाफेचा व्हॉल्व्ह अडकलाय!" दाजी वरून ओरडले. "तू पळ!"

खरं सांगतो, पळावंसंच वाटत होतं. पण ताईला कुठल्या तोंडाने सांगणार? मी डोळे मिटून शिडी धरून उभा राहिलो. व्हॉल्व्ह कर्रकन फिरला, पिवळी वाफ सुटली आणि दाजी शिडीवरून उतरले की पडले, कळलंच नाही. आम्ही फाटकापर्यंत धावलो. टाकी फुगली, पण फाटली नाही.

संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. ताईला काही कळू द्यायचं नाही, असं वाटेत ठरलं होतं. तिने चहा आणला, तसल्याच स्टीलच्या पेल्यांत. दाजींनी सवयीने पेल्याला उलटा हात लावला. दुसऱ्या क्षणी त्यांनी ताईचा दंड धरून तिला दाराबाहेर ओढलं. मी तर त्यांच्याही आधी बाहेर पोचलो होतो.

"अहो, झालं काय?" ताई म्हणाली. "चहाच आहे तो."