महाराजाचं लाल फडकं

भैयाजींच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. आरमोरीजवळचं अख्खं गाव लोटलं होतं. भैयाजी खाटेवर उघड्या पोटानं पडलेले. झाडफूक करणाऱ्या तेजमहाराजानं भैयाजींची बायको सुगंधाबाई हिच्याच डब्यातली हळद त्यांच्या ओटीपोटावर चोळली, ओल्या फडक्यानं पुसली, आणि पांढरं फडकं रक्तासारखं लाल झालं! लोकांनी हात जोडले.

"पाहा, दवाखान्याची आग! यातूनच नवा कॅन्सर उगवते," महाराज म्हणाला. "पुन्हा तिकडं जासान तं भडका उडन."

काही वर्षांपूर्वी भैयाजींना प्रोस्टेटचा कॅन्सर झाला होता. नागपुरात किरणांचा शेक घेतला, बरेही झाले. आता लघवीतून रक्त जात होतं. तरी महाराजाच्या धाकानं त्यांनी तपासणीला जायचं साफ नाकारलं होतं, आणि नवरा हातचा जाईल या भीतीनं सुगंधाबाईचा जीव टांगणीला लागला होता.

पण बाईच्या डोक्यात किडा वळवळत होता. हळद घरची, मग फडकं भिजवायला पाणी तेवढं महाराजाच्याच डब्यातलं काऊन? मागच्या खेपेला तिनं ते फडकं पिळलं, तेव्हा धानाच्या रोवणीनं भेगाळलेले हात चरचरले होते. डब्याच्या तळाशी पांढरा गाळही होता.

तिनं छपरावरचं कोहळं उतरवलं, महाराजापुढं ठेवलं. महाराज म्हणाला, भाजीत आग नसते. बाईनं ऐकलंच नाही. कोहळ्याला हळद फासली, फडक्याचं पांढरं राहिलेलं टोक महाराजाच्याच डब्यात बुडवून पुसली. तेही लालभडक.

"या कोहळ्याले कोणत्या दवाखान्यात शेक देल्ला होता, महाराज?"

मग शेजारच्या मुखरूकडून तंबाखू-सुपारीच्या खर्र्यातला चुना मागून तिनं तळहातावर हळदीत कालवला. तळहात लाल! म्हणजे महाराजाच्या डब्यात चुन्याचंच पाणी! गावात ज्याच्या-त्याच्या खिशात चुना अन् घरात हळद, पण एकाच्याही डोक्यात हे येऊ नये! लोक खाली पाहू लागले, तेवढ्यात महाराजानं डबा उचलून पळ काढला.

भैयाजी मात्र उठेनात. "पण शेकानं नवा कॅन्सर होते, हे तं खोटं नाई ना?"

"मले नाई मालूम," बाई म्हणाली. "ज्याले मालूम हाय, त्याले विचारू."

दोघं दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी काही लपवलं नाही. शेकानंतर काही वर्षांनी थोड्या जणांना मूत्राशयाचा किंवा गुदाशयाचा कॅन्सर होऊ शकतो. धोका लहान आहे, पण म्हणूनच रक्त दिसलं की थांबायचं नाही. दुर्बिणीतून पाहिलं, तर मूत्राशयात बारीकशी गाठ होती. शेकामुळंच झाली का, ते छातीठोक सांगता येणार नाही, असंही ते म्हणाले. लवकर सापडली म्हणून दुर्बिणीतूनच काढता आली.

आता कुणी महाराजाचं नाव काढलं, की सुगंधाबाई एवढंच सांगते, "फडकं लाल झालं तं पहिले कोहळं पुसून पाहा. लघवी लाल झाली तं सरळ दवाखान्यात जा."