खुर्चीमागची पाच मिनिटं

विमानतळावरच्या आमच्या रडारच्या खोलीत खुर्ची सोडली की लगेच घरी जाता येत नाही. नव्याने बसलेल्याच्या मागे पाच मिनिटं उभं राहायचं, असा नियम आहे. सांगायचं राहून गेलेलं आठवतं ते नेमकं याच पाच मिनिटांत. मी मात्र वीस-वीस मिनिटं उभा राहायचो. बायको जाऊन दोन वर्षं झाली. घरी तोंड उघडायचं ते जेवायलाच. इथे निदान पाठमोऱ्या माणसांची तरी सोबत. खोलीतली पोरं मला ‘पहारेकरी’ म्हणत. म्हणोत बापडी.

त्या दुपारी माझ्या जागी बसायला ती आली. दोन महिन्यांपूर्वी बदली होऊन आलेली, पुतणीच्या वयाची, हुशार, नाकावर राग. मी एकेक विमान दाखवून दिलं आणि मागे उभा राहिलो. मिनिटभरातच ती वळूनही न बघता म्हणाली, “काका, जा ना आता घरी. मानगुटीवर बसल्यासारखं वाटतं हो!”

दोघं-तिघं हसले. मला ते लागलं. या वयात इतकं लागायला नको होतं, पण लागलं. तडक निघालो.

गाडीचं दार उघडताना आठवलं. नुकत्याच उडालेल्या एका विमानाला मी सहा हजार फुटांपर्यंत चढायला सांगितलं होतं, आणि त्याची उंची ज्या कागदी पट्टीवर लिहितो, तिच्यावर चार हजारच राहिले होते. धापा टाकत जिने चढून वर पोहोचलो, तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. पट्टीवर विश्वास ठेवून तिने उतरणारं दुसरं विमान पाच हजारांवर आणलं होतं. विमानांमधली यंत्रं वेळेवर ओरडली म्हणून एक वर गेलं, एक खाली. मध्ये हजार फुटांचं अंतर लागतं, तीनशेच उरले होते. तिला खुर्चीवरून उठवलं होतं. ती भिंतीला टेकून उभी होती आणि कुणीही तिच्याशी बोलत नव्हतं.

चौथ्या दिवशी चौकशी. विमानांशी बोललेलं सगळं टेपवर असतं, आमचं आपसातलं नसतं. साहेबांनी एक कागद पुढे सरकवला.

“तिने लिहून दिलंय, तुम्ही पूर्ण पाच मिनिटं उभे होतात. सहा हजारांचं तोंडी सांगितलंत, तीच विसरली. बरोबर?”

माझ्या निवृत्तीला दहा महिने होते. ‘हो’ म्हटलं असतं तर मी ताकीद खाऊन सुटलो असतो आणि तिची खुर्ची गेली असती. खरं सांगतो, ‘हो’ अगदी जिभेवर आलं होतं. त्या खोलीशिवाय मला जायला जागा होतीच कुठे?

“नाही,” मी म्हणालो. “मी मिनिटभरात निघालो. सहा हजारांचं तिला सांगितलंच नाही.”

माझं लायसन्स तिथेच काढून घेतलं. बाहेर ती उभी होती, डोळे सुजलेले.

“काका, का बोललात? हाकललं तर मीच होतं तुम्हाला.”

“हाकललंस तू, पण गेलो मी. आणि तुला अजून पंचवीस वर्षं काढायचीत इथे.”

ती हळूच म्हणाली, “घरी आहे ना कुणी तुमच्याजवळ?”

“आहेत की सगळे. वाट बघत असतील,” मी म्हणालो.

तिला ते पटलं. डोळे पुसून ती आत गेली.