दुसरा ब्रेक

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीला ब्रेक दोन. एक शिकणाऱ्याच्या पायाशी, दुसरा मास्तरांच्या. अपघातानंतर आमच्या मास्तरांनी एकच काम धरलं: दाबायचं.

कुत्रं दिसलं, दाबला. सावली दिसली, दाबला. रस्ता रिकामा दिसला, तर तो फारच संशयास्पद म्हणून दाबला. शिकायला येणाऱ्यांच्या माना आखडल्या. घरी सोफ्यावरही मास्तरांचा पाय चालूच. बायको म्हणे, अहो, टीव्ही थांबवायला रिमोट आहे.

स्कूल मास्तरांच्या थोरल्या बहिणीचं. ताईने बजावलं: महिनाभराची मुदत देते, मग मी मागच्या सीटवर बसणार. एकदा जरी उगाच दाबलास तर गाडी विसर, ऑफिसात बसून फोन उचल. गाडीविना मास्तर म्हणजे पाण्याबाहेर मासा, तोही चिडका.

म्हणून ते मानसोपचारवाल्या बाईंकडे गेले. बाई म्हणाल्या, त्या दिवसाचं सांगा.

शिंपी होता शिकायला, मास्तर म्हणाले. साठीचा. गळ्यात टेप तशीच लटकवून यायचा. चौकाकडे निघालो, त्याचा काहीतरी विनोद चालला होता, आणि

ब्रेक. बाईंच्या गालिच्यावर मास्तरांचा बूट धाडकन आपटला. मग त्यांनी हवेतल्या उकाड्याबद्दल सविस्तर माहिती दिली.

पुढच्या खेपेला: शिंपी, टेप, चौक, विनोद, आणि

ब्रेक. पडदे कुठून घेतले, बाई?

बाईही चिवट. पुन्हा पहिल्या गिअरपासून, म्हणत. आत्ता घडतंय असं सांगा. पाय आपटला तर आपटू दे, तुम्ही पुढे चला. मास्तरांना वाटलं, तेच तेच ऐकायला एवढं शिक्षण कशाला लागतं? पण ते येत राहिले.

आणि एकदा: शिंपी हसतोय. सिग्नल लाल आहे. म्हणतोय, मास्तर, एवढं लाल कापड वाया घालवलंय वर. आरशात ट्रक आहे. मोठा होतोय. पाय आपटला, मास्तर थांबले नाहीत. काच फुटली, टेप सीटखाली गेली, शिंपी हाक मारूनही बोलेना, पुन्हा बोललाच नाही. मास्तर भोकाड पसरून रडले. टिश्यूचा डबा समोर असताना नाक बाहीला पुसलं.

बऱ्याच वेळाने बाईंनी विचारलं, "ट्रक आला तेव्हा तुमचा पाय कुठे होता?"

"ब्रेकवर. पूर्ण दाबलेला." मास्तर आपल्या बुटाकडे बघत राहिले. "गाडी उभीच होती, बाई. आणखी काय दाबणार होतो मी?"

महिना संपला. ताई मागे, स्टिअरिंगवर मास्तरांची बायको. दुसरं कोणी बसायला तयार नव्हतं. कुत्रं आडवं गेलं. मास्तरांचा पाय शिवशिवला, पण पेडलवर नुसता टेकून राहिला. बायकोनेच ब्रेक लावला, आणि वर कुत्र्याला दोन शब्द ऐकवले. सावल्या आल्या, गेल्या. मग वळणावर बायको आत्मविश्वासाने थेट भिंतीकडे निघाली.

मास्तरांनी दाबला. भिंत वीतभर लांब राहिली.

मास्तरांनी आरशात बहिणीकडे बघितलं.

"हा उगाचमध्ये धरत नाही," ताई म्हणाली. "चल, रिव्हर्स शिकव तिला."