सोमवारी फोडलेली बॅग

उन्नतीकडे कुत्री मुक्कामाला येत. लोक लग्नाला, गावाला, फिरायला निघाले की आपलं कुत्रं नवी मुंबईत उलव्याला तिच्या दारात सोडून जात. सरकारने घेतलेल्या शेतजमिनीच्या बदल्यात मिळालेल्या प्लॉटवर सासऱ्यांनी तीन मजले चढवले होते. वर भाडेकरू, तळमजल्यावर घरची माणसं आणि पाहुणी कुत्री. चार वर्षांत तिच्याकडे एकाही कुत्र्याला साधं खरचटलं नव्हतं, आणि या गोष्टीचा तिला मनातून फार अभिमान होता.

त्या आठवड्यात एकटी बर्फीच मुक्कामाला होती. खांदेश्वरच्या यशराजची ही लॅब्रेडोर, पाच वर्षांची आणि कमालीची खादाड. यशराज बायकोला घेऊन चुलतभावाच्या लग्नाला कोरेगावकडे गेला होता. बर्फीला चालतं त्याच कोरड्या खाण्याच्या दोन मोठ्या बॅगा उन्नतीने आणल्या आणि त्यातली एक सोमवारी फोडली.

गुरुवारी बर्फीने भांड्याला तोंड लावलं नाही. घरची आठवण येत असेल, असं उन्नतीला वाटलं. तिने त्या दाण्यांवर चिकनचं कोमट पाणी ओतलं, मांडी घालून बसली आणि हाताने भरवू लागली. "खा गं राणी. बारीक झालीस तर तुझा मालक मला काय म्हणेल?" बर्फी तिच्या तोंडाकडे बघत एकेक घास गिळत राहिली. पोट रिकामं राहिलं नाही म्हणून उन्नतीला बरं वाटलं.

शुक्रवारी सकाळी अंगणात दोन ठिकाणी उलटी पडलेली दिसली. बर्फी पाण्याच्या टाकीमागे अंग चोरून पडली होती. सासूबाई भागीरथी ओट्यावर मासळी साफ करत होत्या, त्या विळी बाजूला सारून उठल्या.

"उन्नती, इकरं ये. हिचे डोले बघ. हलद लावल्यासारखे दिसतान."

उन्नतीने बर्फीचा ओठ वर केला. हिरड्या पिवळ्या पडल्या होत्या. नवरा दिपेश महाप्याला कामावर गेलेला. सासूबाईंच्या मदतीने तिने बर्फीला गाडीच्या मागच्या सीटवर घातलं आणि नेरूळच्या दवाखान्यात आणलं. वाटेत प्रत्येक सिग्नलला ती मागे हात नेऊन श्वास चालू आहे ना ते चाचपत होती.

डॉक्टर राजलक्ष्मी बाई मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी रक्त काढलं, सलाईन लावलं. "कावीळ आहे. लिव्हर बिघडलंय. गोचिडाचा ताप असेल, किंवा पोटात काहीतरी विषारी गेलंय. उंदराचं औषध वगैरे ठेवलं होतं का घरात?"

"नाही हो. कधीच नाही."

"खायला काय देता?"

उन्नतीने कंपनीचं नाव सांगितलं.

"बॅग नवी आहे?"

"सोमवारी फोडली."

डॉक्टरांचा लिहिता हात थांबला. "हे खाणारं, अशीच कावीळ झालेलं या आठवड्यातलं माझ्याकडचं हे तिसरं कुत्रं. या खाण्यात मका असतो; त्याला बुरशी धरली की कधीकधी त्यात विष तयार होतं. डोळ्यांना दिसत नाही, वासही येत नाही. तपासल्याशिवाय मी ठाम काही बोलणार नाही. पण ते खाणं आत्ताच्या आत्ता बंद. आणखी कोणी खाल्लंय?"

उन्नतीला घरचा कुत्रा काळू आठवला. तो सासूबाईंच्या हातच्या सुकट-भाताशिवाय कशाला शिवत नसे. सकाळी गेटपाशी चांगला शेपूट हलवत उभा होता. उन्नती नाही म्हणणार, तेवढ्यात थबकली. मंगळवारी तिने त्याच बॅगेतलं बादलीभर खाणं शकुबाईला दिलं होतं.

शकुबाई बामणडोंगरी स्टेशनबाहेर मासळी विकायची आणि तिथली सात कुत्री सांभाळायची. उन्नतीने तिथूनच फोन लावला. बंद. मग तिने यशराजचा नंबर काढला. अंगठा नावावर तसाच राहिला. काय सांगायचं याची जुळवाजुळव करायला गेली तर एकही वाक्य पुरं होईना. शेवटी फोन लागला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "दादा, बर्फी आजारी आहे. खूप आजारी आहे. तुम्ही या." पलीकडून सनईचा आवाज येत होता.

ती बामणडोंगरीला पोचली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. शकुबाई पाटीवर ओलं फडकं टाकत होती.

"मावशी, मी दिलेलं खाणं कुत्र्यांना घातलंत?"

"मंगलवारपासून तेच घालतंय. कालपासून खाईनात मेली. का गो, काय झाला?"

उन्नतीने सांगितलं. शकुबाईने पत्र्याची थाळी उचलली आणि दगडाने वाजवली. तो आवाज ऐकला की सगळी धावत यायची. आज चार आली, तीही रेंगाळत. उन्नतीने उकिडवं बसून एकेकाचा ओठ उचलला. दोघांच्या हिरड्या गुलाबी होत्या. तिसऱ्याच्या फिकट. चौथ्याच्या पिवळ्या.

"बाकीची तीन?"

"लालीला तर मी काल सांजचे पुलाखाली बघितली," शकुबाई म्हणाली, आणि पाटी तशीच टाकून चालू लागली.

दोघी रिकाम्या प्लॉटांमधून, गवतातून, बांधकामाच्या पत्र्यांमागून हाका मारत हिंडल्या. उन्नती प्रत्येक झुडूप बाजूला करताना आधी डोळे मिटून घ्यायची. एक कुत्रं गटाराच्या कडेला धापा टाकत पडलेलं सापडलं. लाली एका मोठ्या सिमेंटच्या पाइपात होती. शकुबाईने आत हात घातला आणि तसाच मागे घेतला; लाली गार पडली होती. सातवं कुत्रं त्या दिवशी मिळालं नाही, नंतरही नाही.

आजारी तिघांना गाडीत घालून उन्नती पुन्हा दवाखान्यात आली. संध्याकाळी यशराज लग्नाच्याच कपड्यांत पोचला आणि बर्फीच्या पिंजऱ्यापुढे गुडघ्यांवर बसला. उन्नतीला वाटलं, हा आता ओरडेल. ओरडला असता तर सोपं गेलं असतं.

"दादा, एक सांगायचंय. काल ती खात नव्हती. मी जबरदस्तीने भरवलं. माझ्या हाताने."

त्याने पिंजऱ्याच्या जाळीतून बोटं आत घातली. मग म्हणाला, "ताई, घरी याच खाण्याची नवी बॅग आणून ठेवलीय. रविवारी परत आलो असतो, तर मीही तेच भरवलं असतं."

त्यात माफी होती की नाही, हे तिला कळलं नाही.

बर्फी नऊ दिवस दवाखान्यात होती. जगली, पण पाठीची हाडं मोजता यावीत इतकी वाळली, आणि औषधं कायमची मागे लागली. स्टेशनवरची तिघंही वाचली. कंपनीला फोन केला तेव्हा पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, तुमच्याकडे बॅग दमट जागेत राहिली असेल." त्या एका वाक्याने उन्नतीची झोप उडाली. खरंच तसं असेल तर? कोठीची भिंत पावसाळ्यात ओल धरते. तिने दुसरी, शिवणही न उसवलेली बॅग डॉक्टरांच्या हवाली केली. त्यांनी ती प्रयोगशाळेत पाठवली.

तीन आठवड्यांनी अहवाल आला. बंद बॅगेतही तेच विष होतं, मर्यादेच्या कितीतरी पट. पुढे दुकानांतून त्या खेपेच्या बॅगा गुपचूप उचलल्या गेल्या.

उन्नती तो कागद घेऊन शकुबाईकडे गेली. शकुबाईला वाचता येत नव्हतं. तिने कागद उलटासुलटा करून पाहिला.

"मंजे माझा काय चुकला नाय ना?" तिने हळूच विचारलं. इतके दिवस हे तिच्या मनात असेल, असं उन्नतीला वाटलंच नव्हतं.

"नाही मावशी. तुमचं काहीच चुकलं नाही."

"आन तुझा?"

उन्नतीने कागदाची घडी घातली. शकुबाईने पाटी सरकवून बाजूला जागा केली. थाळीत घातलेल्या भाताच्या वासाने पाच कुत्री जवळ आली होती. ती खाऊ लागण्याआधी उन्नती उठली आणि एकेकाचा ओठ वर करून बघू लागली.