सरस्वतीसाठी पुसलेली पाटी

बंगालात बालीगंज नावाची वस्ती होती. तिथे श्यामराव, त्यांची बायको शकुन आणि मुलगी उज्ज्वला राहत होती, आणि दाराआडच्या खिळ्याला मी. मी पाटी बोलतेय.

अंग खाणीतल्या दगडाचं, चौकट बागबाजारच्या सुताराची. उज्ज्वला माझ्यावरच बाराखडी शिकली. ती कॉलेजात गेली आणि मी डाळीच्या डब्याचं झाकण झाले. सात वर्षं डाळ सांभाळली. एक किडा लागू दिला नाही.

बाहत्तर साली श्यामरावांना दिसेनासं झालं, खिदिरपूरच्या गोदीतली नोकरी सुटली. आता उज्ज्वलाला शाळेत शिक्षिका म्हणून घेतलं तरच इथे राहायचं, नाहीतर तिघांनी यवतमाळला शकुनच्या दिराच्या दारी. मुलाखतीत शिकवून दाखवायची होती इंग्रजीतली घोटाळ्याची क्रियापदं. महिनाभर तिने ती माझ्यावर मांडली, मोठ्याने घोकली. शकुन तांदूळ निवडत ऐकायची. तिला अक्षर येत नव्हतं.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी बंगाल्यांची सरस्वतीपूजा आली. शकुनने आपल्या दसऱ्यासारखं मला ओल्या फडक्याने लख्ख पुसलं, एकाचे आकडे मांडून सरस्वती काढली आणि शेजारच्या सरलादींच्या देवीपुढे ठेवलं.

उज्ज्वला धावत आली. "आई, पुसलंस?"

"मग सरस्वती कुठे काढू, तुझ्या कपाळावर?"

"निदान पाटी तरी दे. पुन्हा लिहिते."

सरलादी आडव्या आल्या. "एखन ना, आत्ता नाही! आज वह्या-पाट्यांना हात लावायचा नाही. उद्या सकाळी."

उज्ज्वला जमिनीवरच बसली. "संपलं सगळं."

"काही संपलं नाही. ऐक." शकुन पाढे म्हणावेत तशी म्हणू लागली. "राइज-रोज-रिझन, आपलं आपण वर येणं. रेझ-रेझ्ड-रेझ्ड, दुसऱ्याला उचलणं. सिट-सॅट-सॅट, बसणं. सेट-सेट-सेट, नेऊन ठेवणं. अगं, सूर्य आपला आपण वर येतो, बादली उचलावी लागते. माणूस बसतो, गणपती नेऊन बसवावा लागतो. एवढ्यासाठी महिनाभर माझं डोकं खाल्लंस?"

सरलादींनी दोघींना देवीच्या भोगाची खिचडी वाढली.

दुसऱ्या दिवशी उज्ज्वलाने वर्गात सूर्य सांगितला, बादली सांगितली. गणपतीच्या जागी तेवढी दुर्गा घेतली. नोकरी मिळाली. यवतमाळला तसं पत्र गेलं. दिरांना फार आनंद झाल्याचं उलट टपाली कळलं.

पावसाळ्यापूर्वी श्यामरावांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. पट्टी सुटल्यावर घरी येऊन त्यांनी पहिल्यांदा मला वाचलं. माझ्यावर एकच शब्द होता, उज्ज्वलाने शिकवलेला, आईच्या हातचा: शकुन. अजून आहे. उकार उलटा पडलाय. कुठलीही पूजा असो, पुसू नका.